ओटा रिकामा आहे

आमच्या ओळीत एकोणीस गाळे होते आणि त्यांतल्या सात गाळ्यांचे ओटे वापरात होते. पालिकेच्या फायलीत एकोणीस गाळे आहेत आणि एकही ओटा वापरात नाही. ही तफावत माझ्या हस्ताक्षरात आहे, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

धाराशिव जिल्ह्यातलं आमचं गाव तालुक्याचं. स्टँडवर उतरून जुन्या वेशीकडं निघालं की डाव्या हाताला ही ओळ लागायची. पालिकेनं बांधून भाड्यानं दिलेले दगडी गाळे, वर पत्रा, प्रत्येक गाळ्यापुढं गुडघाभर उंचीचा शहाबादी फरशीचा ओटा. माझं दुकान अकरा नंबरला. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, लेस, हूक, बटणं, दोरा. पाटीवर ‘मॅचिंग सेंटर’ असं रंगवलेलं होतं, पण लोक ‘अस्तराचं दुकान’ म्हणायचे. ते सासूबाईंनी सुरू केलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा माल खोक्यांत असायचा आणि कुठल्या खोक्यात काय आहे ते फक्त त्यांना माहीत असायचं. मी पहिल्या महिन्यात खोक्यांना नंबर घातले, नंबरांची वही केली आणि वही दाराला टांगली. सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मग एकदा त्यांना मोरपंखी दोरा वहीत बघून सापडला आणि त्या दिवसापासून वही त्यांचीच झाली.

ओळ बस्त्यावर जगायची. लग्न ठरलं की खेड्यातलं अख्खं घर क्रूझर भरून यायचं. तीन नंबरच्या कापड दुकानात गादीवर बसून साड्या व्हायच्या, रुसवेफुगवे व्हायचे, चहा व्हायचा. तिथून पिशव्या उचलून माझ्याकडं. साडीच्या काठाला कापड लावून बघायचं, अस्तर ठरवायचं, फॉल मोजून घ्यायचे. कुणाच्या मानाची किती लुगडी आणि कुणाला नुसता ब्लाउज पीस, याचा घोळ दर लग्नात व्हायचा, म्हणून मी त्याचा एक छापील कागद करून ठेवला होता. नवरीची आई तो हातात घेऊन बसायची आणि एकेक नाव खोडत जायची. पलीकडच्या गाळ्यात टेलर मास्तर माप घ्यायचे. आणि हे सगळं चालू असताना माझ्या ओट्यावर नवरीचा हात चाचीच्या मांडीवर गेलेला असायचा.

चाची मनियार. तिच्या आधी तिची सासू त्याच ओट्यावर बसायची, आणि माझी सासू आत. बांगड्या विकत घेणं वेगळं आणि भरून घेणं वेगळं. हिरवा चुडा भरायचा तर नवरीला खाली बसावं लागतं, भरणारीला तिच्यासमोर मांडी घालावी लागते, भोवती चार बायकांना वाकून बघायला जागा लागते. काउंटरच्या अलीकडं-पलीकडं उभं राहून ते होत नाही. चाची हात हातात घ्यायची, अंगठा आत मुडपायची, बोटांची मुळं दाबत राहायची आणि बोलत राहायची. नवरीनं तोंड वेडंवाकडं केलं की म्हणायची, “आत्ताच रडतीस? थोडं पाठवणीला ठिव की.”

“ठेवतीय कसली,” नवरीची आई म्हणायची. “मोबाइल दिला की गप बसती.”

तोवर दोन-चारच्या मापाची काकणं त्या दोन-सहाच्या हातात गेलेली असायची. एखादं काकण भरताना तडकलं तर ते ‘वाढलं’ म्हणायचं, ‘फुटलं’ म्हणायचं नाही. चाची स्वतः इतरांना तसं दटावायची. चुडा भरून झाला की नवरी वाकून तिच्या पाया पडायची. मग ती मंडळी उठायची आणि भांडेवाल्याकडं जायची. हा क्रम कुणी ठरवलेला नव्हता, पण मोडलेला मी कधी पाहिला नाही.

तिच्याकडून आम्ही ओट्याचं भाडं घेत नव्हतो. आमच्या ओळीत कुणीच ओट्याचं भाडं घेत नसे. चावीवाला, चपला शिवणारा, हळदकुंकवाच्या पुड्या विकणारी, सगळे तसेच बसायचे. ओटा आपला नसतो, येणाऱ्याजाणाऱ्याचा असतो, असं समजलं जायचं. चाचीच्या बाबतीत तर त्याहून पक्कं कारण होतं. मी नवीन होते तेव्हा सासूबाईंना म्हणाले होते, की नावाला का होईना, वर्षाचं काहीतरी घेऊ आणि पावती देऊ, म्हणजे कागद राहील.

सासूबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. “जिच्या हातनं घरच्या बायका काकणं भरत्यात, तिच्याकडनं जागेचं भाडं घ्यायचं? कुठं फेडशील?”

“भाडं नाही हो, नुसती पावती.”

“म्या रोज तिला चहा देते. त्याची बी पावती फाड.”

बाहेरून चाची ओरडली, “दोन फाडा सूनबाई. तुमची सासू साखर कमी घालती, तेबी लिव्हा त्यात.”

मी हसले आणि विषय सोडला. ओळीतल्या सगळ्यांना या गोष्टीचा अभिमान होता. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला ती सांगितली जायची: आमच्यात ओट्याचं भाडं नसतं. मलाही अभिमान होता. पण माझ्याकडं सुईच्या पाकिटांची नोंद होती आणि या एका गोष्टीची कुठंच नव्हती, हे मला तेव्हाही खटकलं होतं. खटकलेलं तसंच ठेवणं माझ्या स्वभावात नाही. तेवढं एकच ठेवलं.

नंतर सासूबाई गेल्या, गाळा माझ्या नावावर झाला, आणि काही वर्षांनी नोटीस आली. गाळे धोकादायक झाले आहेत, पाडून त्याच जागेवर दुमजली व्यापारी संकुल होणार आहे, जुन्या गाळेधारकांना त्यात प्राधान्य मिळेल, सबब गाळेधारकांनी माहिती सादर करावी. ओळ माझ्या दुकानात जमली, कारण माझ्याकडं बसायला स्टुलं जास्त होती. लोक आधी पालिकेवर चिडले, मग एकमेकांवर, मग बिल्डरवर, ज्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. तासभर झाल्यावर मी विचारलं, “माहिती कोण भरणार?”

“वहिनींनाच द्या,” टेलर मास्तर म्हणाले. “त्यांच्याकडं आपल्या सगळ्यांच्या जन्मवेळा बी निघतील.”

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू. मी चार दिवस गाळोगाळ फिरले. रुंदी, खोली, करार कुणाच्या नावावर, लायसन, वीजमीटर नंबर. कुणाचा करार उंदरांनी खाल्लेला, कुणाचा मेलेल्या आजोबांच्या नावावर. मी सगळ्यांची झेरॉक्स लावली, पानांना नंबर घातले, वर अनुक्रमणिका केली. असं व्यवस्थित बाड आमच्या पालिकेत त्याआधी कधी गेलं नसेल. कारकुनानं ते हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही नोकरीत का नाही आलात?”

मग त्यानं पानं चाळली आणि अकरा नंबरवर थांबला. त्यांच्या नमुन्यात एक रकाना होता: गाळ्यासमोरील ओट्याचा वापर. मी लिहिलं होतं, ‘बांगड्या भरणारी एक महिला अनेक वर्षांपासून बसते.’ बाकीच्या सहा जणांचंही तसंच खरं खरं लिहिलं होतं.

“हे काढा,” तो म्हणाला.

“का? बसतात ना.”

“बसतात म्हणजे पोटभाडेकरू झाले. कराराची अट वाचलीय का? पोटभाडेकरू ठेवला की करार रद्द.”

“भाडेकरू कसले? आम्ही भाडं घेतच नाही.”

“मग पावती नाही. पावती नाही म्हणजे त्यांना हक्क नाही. आणि त्या बसतात असं तुम्हीच लिहून दिलंत, म्हणजे तुमचाही हक्क जातो.” त्यानं पेन माझ्यापुढं सरकवलं. तो वाईट माणूस नव्हता. माझ्या भल्याचंच सांगत होता. “एकच शब्द लिहा. रिकामा.”

“त्यांचं मग काय?”

“ते नंतर बघू. पुरवणी यादी देता येईल.”

‘पुरवणी यादी’ हा शब्द ऐकला आणि माझं मन शांत झालं. ज्याला यादी आहे त्याची सोय आहे, असं मी आयुष्यभर मानत आले. मी सातही ठिकाणी ‘रिकामा’ लिहिलं, प्रत्येक खाडाखोडीपाशी सही केली. घरी येऊन नव्या वहीत पहिल्या पानावर ‘पुरवणी यादी’ असा मथळा लिहून खाली सात जणांची नावं क्रमानं लिहिली. पहिलं नाव चाचीचं.

ओळीत सांगितलं तेव्हा बहुतेकांनी माना हलवल्या. टेलर मास्तरांच्या ओट्यावर चावीवाला बसायचा. ते म्हणाले, “म्हंजे तो बसलेला असतानाच तो न्हाय, असं लिवलं का तुम्ही?”

“पुरवणीत येतोय तो.”

“बघा बरं. तो रोज विचारतोय मला, माझं नाव कुठं हाय म्हणून.”

“नाव वहीत आहे म्हणून सांगा.”

दोन आठवड्यांनी जागेवर पडताळणी निघाली. फोटो काढणार, पंचनामा करणार. कारकुनाचा आदल्या दिवशी फोन आला: यादीप्रमाणं ओटे रिकामे दिसले पाहिजेत. मी दुपारी बाहेर आले. चाची काकणांचे जोड दोऱ्यात ओवत होती.

“चाची, उद्या मोजणीची माणसं येणार आहेत. उद्या नका बसू.”

“का हो?”

“गर्दी नको म्हणतात. टेप लावायचीय त्यांना.”

तिनं वर बघितलं. मी टेपेचं बोलले ते खरंच होतं, टेप लावणारच होते. ती म्हणाली, “टेप लावायची तर वटा साफ पायजे की. किती डाग पडलेत लाखेचे.”

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला आले तर ओटा धुतलेला. ती माझ्या आधी येऊन, घासून, पाणी मारून घरी गेली होती. कोपऱ्यातले लाखेचे डागसुद्धा तिनं खरवडून काढले होते. तिथं कुणी बसत होतं याची एवढीच काय ती खूण होती. साहेबांनी फोटो काढला. त्यात अकरा नंबरचा ओटा ओळीतला सगळ्यात स्वच्छ आणि सगळ्यात रिकामा दिसतो.

पुरवणी यादी मी महिन्याभरात नेऊन दिली. कारकुनानं वाचली आणि परत केली. अशी काही तरतूद नाही, वर विचारून बघितलं, नाही म्हणाले. मग मी काय केलं? अर्ज केला, त्याची पोच घेतली, पोच फायलीला लावली. आणि चाचीला काही सांगितलं नाही.

ओळ पाडायला अडीच दिवस लागले. आम्हा गाळेधारकांना बायपासच्या कडेला पत्र्याचे शेड मिळाले. ओट्यावरच्यांना काही मिळायचा प्रश्नच नव्हता. ते कागदावर नव्हतेच. चावीवाला मुलाकडं पुण्याला गेला. चपला शिवणारा शाळेच्या भिंतीला बसायला लागला. चाची स्टँडच्या बाहेर, रसवंतीच्या मागं, पोतं अंथरून बसायची. बसची धूळ काचेवर बसते, म्हणून काकणं सारखी पुसत राहायची. मी आठवड्यातून एकदा तिच्याकडं जात असे. तिथं भरायला बसणाऱ्या बायका कमी. पुरुषमाणसं वाटेनं जातायेता बघत उभी राहतात तिथं कुठली नवरी हात पुढं करणार?

दर वेळी ती एकच विचारायची. “सूनबाई, बिल्डिंग कुठवर आली?”

“स्लॅब पडला.”

“आपला वटा केवढा धरलाय? पयल्यासारका पायजे बघा. माझे गुडघे आता वर चढू देत न्हाईत, खालीच ठिवायला सांगा.”

“बघू,” मी म्हणायचे. एकदा नाही. दोन पावसाळे मी ‘बघू’ म्हणत होते. नव्या नकाशात ओटे नाहीतच, हे मला पहिल्या स्लॅबच्या आधीपासून माहीत होतं. नकाशाची प्रत माझ्याकडं होती.

संकुल झालं. समोरून काच, आत चकचकीत फरशी, जिन्याच्या कोपऱ्यांत पहिल्याच आठवड्यात पिचकाऱ्या. सोडतीत माझी चिठ्ठी पहिल्या मजल्याची निघाली. तळमजल्यावर तीन गाळे जोडून बाहेरच्या कुणाचं तरी तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं, उरलेल्यांत मोबाइल आणि त्यांची कव्हरं. तीन नंबरच्या कापडवाल्यानं गाळा घेतला आणि भाड्यानं देऊन टाकला. टेलर मास्तरांना माझ्या शेजारचा गाळा लागला होता. त्यांनी जिना एकदा चढून बघितला आणि घरी मशीन मांडलं. “माप द्यायला वर यायचं म्हणजे मी काय डॉक्टर हाय? बायका खालनंच इचारतील, मास्तर, दाखवायचं का औषध घेऊन जायचं?”

बस्ता आता बार्शीला जातो, नाहीतर सोलापूरला. साड्या, ब्लाउज, बांगड्या, नवऱ्याचा सूट, सगळं एका छपराखाली. कुणी माझ्याकडं आलंच तर एखादी सून येते, मोबाइलवर रंग दाखवते, अर्धा मीटर अस्तर घेते. म्हातारी खाली जिन्याच्या पायरीवर बसून राहते. ओटा गेला म्हणजे फरशी गेली नाही. बसणं गेलं. बसणं गेलं की भाव करणं गेलं, रुसणं गेलं, शेजारच्या दुकानात डोकावणं गेलं. हे संकुल बांधणाऱ्या एकाही माणसानं आयुष्यात बस्ता काढलेला नाही, याबद्दल मला खात्री आहे. सगळे नवरदेवाकडून गाडीत झोपणारे असणार.

त्यानंतर पालिकेच्या फलकावर आणखी एक कागद लागला. फेरीवाल्यांची नोंदणी निघाली. त्यात एक गोष्ट होती जी मी दोनदा वाचली: जुन्या ओळीतल्या ओट्यांवर बसून धंदा करणाऱ्यांसाठी संकुलात जिन्याखाली चार बैठ्या जागा राखून ठेवल्या आहेत. सावली, भिंत, तळमजला. बाकी रस्त्यावरच्यांना आठवडी बाजाराच्या मैदानात आखलेल्या चौकटी. ओट्यावर बसत असल्याचा पुरावा जोडावा.

चाची जिना चढून माझ्याकडं आली. मध्ये दोनदा थांबली, वर आल्यावर कठड्याला धरून उभी राहिली. “सूनबाई, अर्ज लिव्हा. तुमचं अक्षर साहेब लोकांला आवडतंय.”

मी अर्ज लिहिला. नाही म्हणायला तोंड नव्हतं म्हणून लिहिला, आणि फाइल फाइलशी कोण जुळवून बघतंय असं वाटलं म्हणूनही लिहिला. ‘मी गाळा क्रमांक अकराच्या ओट्यावर बसून माझ्या सासूच्या काळापासून बांगड्या भरण्याचा व्यवसाय करीत आहे.’ तिनं अंगठा उठवला. पुरावा म्हणून काय जोडायचं ते मला सुचेना. मी लिहिलं, ‘गाळेधारक साक्ष देतील.’

सुनावणीला आम्ही दोघी गेलो. आत तीन जण टेबलाशी, कारकून बाजूला. चाचीला खुर्ची दिली, ती नको म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कारकुनानं टेबलावर तीन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या: माझी यादी, धुतलेल्या ओट्याचा फोटो, आणि अर्ज.

“मॅडम,” तो हळू आवाजात म्हणाला, “अक्षर दोन्हीकडं तुमचंच आहे. कुठलं खरं धरू?”

मधले साहेब चष्म्यावरून बघत होते. “सरळ सांगा बाई. या ओट्यावर बसायच्या का? बसायच्या म्हणालात तर यादी खोटी, मग तुमच्या गाळ्याची चौकशी लावावी लागेल. नाही म्हणालात तर यांचा अर्ज खोटा, तो इथंच संपला.”

चाची माझ्याकडं बघत नव्हती. ती फोटोकडं बघत होती. तिला वाचता येत नाही, पण फोटो कळतो. आपण धुतलेला ओटा तिनं ओळखला असणार, आणि तो कशासाठी धुऊन घेतला गेला तेही.

मी पटकन हिशेब केला. आयुष्यभर तेच करत आले. खरं बोलले तर माझा गाळा जातो, आणि माझाच गाळा बेकायदा ठरला की त्याच्या ओट्यावरची तरी कशी कायदेशीर ठरेल? खोटं बोलले तर तिला काहीच मिळत नाही. मधला रस्ता काढायला मला दोन श्वासांपेक्षा जास्त वेळ लागला नाही.

“मी ओळखते त्यांना,” मी म्हणाले. “बसायच्या. दुकानासमोर. रस्त्याच्या कडेला.”

“ओट्यावर नाही?”

“ओट्याच्या खाली.”

साहेबांचा चेहरा मोकळा झाला. यादी खरी ठरली, अर्जही पूर्ण खोटा ठरला नाही. लिहिताना अर्जदाराकडून चूक झाली एवढंच. अर्जदारानं लिहिलेलाच नव्हता ही गोष्ट कुणी बोललं नाही. तिला आठवडी बाजाराच्या मैदानातली चौकट मंजूर झाली. क्षणभर मला चक्क बरं वाटलं. सगळ्यांची सोय लावली असं वाटलं.

जिन्याखालच्या त्या चार जागांना शेवटपर्यंत कुणी पात्र ठरलं नाही. पात्र ठरणार कसं, पालिकेच्या कागदाप्रमाणं आमच्या ओळीत ओट्यावर कुणी बसतच नव्हतं. आता तिथं कपड्यांच्या मोठ्या दुकानाची रिकामी खोकी असतात.

बाहेर आलो तर दुपारचे बारा वाजत आले होते. ऑफिसच्या पायऱ्यांवर लोक दाखल्यांसाठी बसले होते. चाचीच्या हातात आदेशाचा कागद होता. तिनं तो माझ्यापुढं धरला.

“वाचा.”

“घरी जाऊन निवांत वाचू की चाची. उन्हात कशाला?”

“हितंच वाचा.”

मी वाचलं. ‘अर्जदार महिला ही गाळा क्रमांक अकरासमोर रस्त्याच्या कडेला बसून व्यवसाय करीत होती असे गाळेधारकाने समक्ष सांगितले. सदर ओटा पूर्वीपासून रिकामा असल्याचे दिसून येते. सबब अर्जदारास आठवडी बाजार मैदानातील जागा क्रमांक बावीस देण्यात येत आहे.’

पायरीवर बसलेला एक माणूस आमच्याकडं मान वर करून ऐकत होता.

“तुम्ही सांगितलं असं लिवलंय त्यात?”

“हो.”

“माझ्या सासूचं बी न्हाय?”

“नाही.”

“मैदानात रस्त्यावर कुणाला चुडा भरत्यात का हो, सूनबाई?” तिनं विचारलं, पण उत्तरासाठी थांबली नाही. कागदावर बोट ठेवलं, अगदी नेमकं माझ्या वाक्यावर, जणू तिला अक्षरं येत होती.

“परत वाचा,” ती म्हणाली. “जोरात वाचा. त्याला बी ऐकू दे.”

मी परत वाचलं. सावकाश, स्पष्ट, एकही शब्द न गाळता.